हातातले ऑर्गनायझर आणि त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिम

हातात किंवा खिशात मावणारं, फोन नंबर, भेटीगाठी, कामांची यादी आणि टिपणं ठेवणारं सेलवरचं यंत्र. मराठीत याला एकच नाव कधी पडलंच नाही. नाशिकमध्ये कॅसिओ-शार्पच्या बटणांच्या यंत्राला सगळे डिजिटल डायरी म्हणायचे, चष्म्याच्या डबीसारखं उघडणारं कीबोर्डवालं असलं की पामटॉप, आणि काडीने लिहायचं ते पीडीए, पण हा शेवटचा शब्द सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले इंजिनिअर आणि एमआर मंडळी यांच्यापलीकडे फारसा गेला नाही. काय साठवायचं हे तिन्हींत सारखंच, ते इथे परत सांगत नाही. फरक होता तो आतल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, आणि माझ्या मते त्यातला खरा फरक एकाच प्रश्नात सापडतो: सेल संपला की आतल्या नोंदींचं काय होतं?

नाव आणि पहिलेपणाचा वाद

'पर्सनल डिजिटल असिस्टंट' हा शब्द ॲपलचे तेव्हाचे प्रमुख जॉन स्कली यांनी जानेवारी १९९२ मध्ये लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात वापरला आणि तिथून तो रुळला, यावर फारसं दुमत नाही. दुमत आहे ते वस्तूबद्दल. आपल्याकडे अधूनमधून वाचायला मिळतं की डिजिटल डायरी सॅम पिट्रोदांनी शोधली. याला आधार आहे, नाही असं नाही: 'इलेक्ट्रॉनिक डायरी' या नावाचं अमेरिकन पेटंट (क्र. ३९९९०५०) त्यांना डिसेंबर १९७६ मध्ये मिळालं, म्हणजे सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संस्था आणि पिवळे एसटीडी बूथ यांच्या बरंच आधी, आणि तारीख-वेळेप्रमाणे नोंद ठेवणारं, आठवण करून देणारं हातातलं यंत्र ही कल्पना त्यात आहे. इंग्रजी इतिहासात मात्र हे नाव बहुतेक वेळा गाळलेलं असतं आणि सुरुवात केली जाते ती डेव्हिड पॉटर यांच्या सायन या ब्रिटिश कंपनीच्या १९८४ च्या 'ऑर्गनायझर'पासून. नंबर साठवणारे कॅल्क्युलेटर जपानी कंपन्यांनीही साधारण त्याच सुमारास काढले होते, त्यामुळे नक्की रेघ कुठे ओढायची हा प्रश्न उरतोच. कल्पनेचा मान पिट्रोदांना आणि चालत्या, विकत मिळणाऱ्या यंत्राचा सायनला, अशी वाटणी केली तर कागदपत्रांशी जास्त जुळते.

सायनच्या त्या पहिल्या यंत्रावर जरा थांबायला हवं. पडदा एका ओळीचा, १६ अक्षरांचा, आत ९ व्होल्टचा चौकोनी सेल. नोंदी जायच्या त्या 'डेटापॅक' नावाच्या काढता-घालता येणाऱ्या वडीत, आणि त्या वडीत ईप्रॉम चिप असायची. ईप्रॉमवर लिहिलेलं सेल काढला तरी राहतं, पण खोडता येत नाही. नोंद 'डिलीट' केली की तिच्यावर नुसती काट मारल्याची खूण व्हायची आणि जागा अडूनच राहायची, वडी भरली की यंत्रातून काढून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवून अख्खी पुसायची. म्हणजे हे बाळबोध यंत्र सेल गेल्यावर काहीच विसरत नव्हतं, विसरायला लावणं हेच मुश्किल होतं! पुढची वीस वर्षं जी यंत्रं आली त्यातली बहुतेक नेमकी याच बाबतीत मागे गेली, कारण रॅम जलद होती, वाटेल तितक्यांदा लिहिता-खोडता येत होती, पण सेलचा धागा तुटला की कोरी.

नावाचा दुसरा वाद मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज सीई'चा. सीई म्हणजे काय? कुणी 'कॉम्पॅक्ट एडिशन' म्हणतं, कुणी 'कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स'. कंपनीची भूमिका अशी की हे लघुरूपच नाही, त्यातून आटोपशीर, जोडता येणारं, सोबतीचं, काटकसरीचं असे बरेच गुण सुचवायचे आहेत. ही भूमिका मागाहून जुळवल्यासारखी वाटते. टवाळखोर 'विन' आणि 'सीई' जोडून 'विन्स' वाचायचे, इंग्रजीत त्याचा अर्थ कळ येऊन तोंड वाकडं करणं.

पाम ओएस

जेफ हॉकिन्स यांची पाम कंपनी १९९२ ची. त्यांचं पहिलं यंत्र 'झूमर' बाजारात पडलं, आणि पुढच्याच्या वेळी हॉकिन्स लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडायचे, मीटिंगमध्ये तो काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचे, हा किस्सा सगळीकडे येतो आणि तो खराच आहे. १९९६ च्या मार्चमध्ये पायलट १००० आणि ५००० आले, मेमरी अनुक्रमे १२८ आणि ५१२ किलोबाइट, पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा, आणि दोन बारीक, म्हणजे ट्रिपल ए सेल जे कित्येक आठवडे पुरायचे. पायलट हे नाव पेनं बनवणाऱ्या पायलट कंपनीच्या दाव्यामुळे पुढे सोडावं लागलं.

पाम ओएसमध्ये आपण ओळखतो तशा फाइली नव्हत्या. सगळा डेटा छोट्या नोंदींच्या डेटाबेसमध्ये, एक नोंद ६४ किलोबाइटच्या आत, आणि प्रोग्रामसुद्धा मेमरीत जिथे पडलाय तिथूनच चालायचा, उघडण्यासाठी दुसरीकडे कॉपी होत नव्हता, म्हणून बटण दाबलं की कॅलेंडर तत्क्षणी हजर. 'सेव्ह' नावाचा प्रकारच नाही. एका वेळी एकच प्रोग्राम. (आतला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बाहेरून घेतलेला होता आणि त्याला एकाच वेळी अनेक कामं जमायची, पण परवान्याच्या अटींमुळे ती सोय बाहेरच्या प्रोग्रामरना देता येत नव्हती असं सांगितलं जातं.) प्रत्येक नोंदीला बदल झाल्याची एक खूण असायची आणि क्रेडलवर, म्हणजे पीसीला जोडलेल्या स्टँडवर ठेवून हॉटसिंकचं बटण दाबलं की फक्त खूण असलेल्या नोंदी पीसीवर जायच्या, त्यामुळे मिनिटाच्या आत काम खलास. सेल संपण्याचं उत्तर पामने असं दिलं होतं: सेल बदलताना आतला कपॅसिटर साधारण मिनिटभर मेमरी जिवंत ठेवेल, तेवढ्यात नवे घाला, आणि नाहीच जमलं तर पीसीवर सगळी प्रत आहेच, परत एक सिंक मारा. म्हणजे हातातलं यंत्र ही मूळ वही नाहीच, ती टेबलावरच्या वहीची नक्कल. हा विचार मला या सगळ्या सिस्टिमींमध्ये सर्वांत शहाणपणाचा वाटतो, अट एवढीच की टेबलावर पीसी हवा.

विंडोज सीई आणि पॉकेट पीसी

नोव्हेंबर १९९६ मध्ये पहिली आवृत्ती आली ती कीबोर्डवाल्या हँडहेल्ड पीसीसाठी. १९९८ मध्ये काडीवालं छोटं रूप, एप्रिल २००० मध्ये 'पॉकेट पीसी'. इथला विचार उलटा होता, हातात द्यायचा तो छोटा पीसीच: स्टार्ट मेनू, फोल्डर, पॉकेट वर्ड, पॉकेट एक्सेल. एका वेळी जास्तीत जास्त ३२ प्रोग्राम आणि प्रत्येकाला मेमरीतला जास्तीत जास्त ३२ मेगाबाइटचा कप्पा अशी आतली रचना होती. रॅम दोन भागांत, एकीकडे फाइली आणि दुसरीकडे चालू प्रोग्राम, मधली भिंत सेटिंगमध्ये जाऊन बोटभर इकडेतिकडे सरकवता यायची, आणि ती सरकवत बसणारे लोक मी पाहिलेत. कोपऱ्यातली फुली दाबली की पॉकेट पीसीवर प्रोग्राम बंद व्हायचा नाही, नुसता मागे जायचा, मग हळूहळू यंत्र जड व्हायचं आणि वापरणाऱ्याला कारण कळायचं नाही.

दुसरी अडचण प्रोसेसरची. सुरुवातीला एसएच३, मिप्स आणि आर्म असे वेगवेगळे प्रोसेसर असल्यामुळे एकाच प्रोग्रामच्या वेगवेगळ्या प्रती लागायच्या, चुकीची उतरवली तर चालायचीच नाही. पॉकेट पीसी २००२ पासून फक्त आर्म ठेवलं तेव्हा हे मिटलं. पामचं उलट, जुने प्रोग्राम २००२ नंतरच्या आर्मवाल्या यंत्रांवरही जुन्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चालत राहिले. कॉम्पॅकचं आयपॅक एच ३६०० (२०००) हे या गटातलं देखणं यंत्र, २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म, ३२ मेगाबाइट रॅम, रंगीत पडदा. पण बॅटरी आतच बसवलेली, सहज बदलता न येणारी, आणि रोजच्यारोज चार्जिंगला लावायची. २००५-०६ च्या लोडशेडिंगच्या दिवसांत, इन्व्हर्टर नसलेल्या घरात हे यंत्र सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. चार दिवस गावाला जाऊन आलं की पडदा कोरा आणि आत फक्त रॉममधली मूळ सिस्टिम. नोंदी न पुसल्या जाणाऱ्या फ्लॅशमध्ये ठेवायची सोय विंडोज मोबाइल ५ मध्ये, म्हणजे २००५ ला आली, पामने टंगस्टन टी५ मध्ये ती २००४ ला दिली. दोघांनाही उशीरच.

ईपॉक आणि न्यूटन

सायनची ईपॉक ही ऑपरेटिंग सिस्टिम अभ्यासकांची लाडकी. १९९७ च्या सिरीज ५ मध्ये १८ मेगाहर्ट्झचा आर्म, पुढे सरकून येणारा खरोखर टाइप करता येईल असा कीबोर्ड, दोन पेन्सिल सेल आणि शिवाय मेमरीसाठी वेगळा बटण-सेल. प्रोग्राम अडखळला तर धरलेली मेमरी परत करायची शिस्त यात सुरुवातीपासून होती, कारण हे यंत्र महिनोन्महिने रीस्टार्ट न होता चालावं असं गृहीत होतं. १९९८ मध्ये नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला सोबत आले आणि ईपॉकची सिम्बियन झाली, म्हणजे नाशिकच्या एमजी रोडवर पुढे जे नोकियाचे स्मार्टफोन खपले त्यांच्या पोटात हीच वंशावळ.

ॲपलचा न्यूटन (ऑगस्ट १९९३, ६९९ डॉलर) साध्या हस्ताक्षराचं वाचन करायचा, निदान तसा दावा होता. ओळखणारं सॉफ्टवेअर पॅराग्राफ या रशियन कंपनीचं, आणि पहिल्या आवृत्तीत ते इतकं चुकायचं की अमेरिकेत व्यंगचित्रांचा विषय झालं. पुढची २.० आवृत्ती बरीच सुधारली पण फेब्रुवारी १९९८ मध्ये ॲपलने दुकान बंद केलं. पामने यंत्राला माणसाचं अक्षर शिकवण्याऐवजी माणसालाच नवं अक्षर शिकवलं: ग्राफिटी, एका फटक्यात एक अक्षर, ए म्हणजे आडव्या रेघेशिवाय. झेरॉक्सने 'युनिस्ट्रोक्स' या आपल्या एका फटक्यात अक्षर लिहायच्या पद्धतीच्या पेटंटवरून १९९७ मध्ये खटला भरला, तो इतका रेंगाळला की २००३ मध्ये पामने ग्राफिटी बदलून टाकली, २००४ मध्ये कोर्टाने ते पेटंटच अवैध ठरवलं आणि २००६ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. बदललेली ग्राफिटी जुन्या लोकांना कधी आवडली नाही.

देवनागरी

पाम ओएसमध्ये देवनागरी नव्हती. सीई मुळापासून युनिकोडवर, म्हणजे सगळ्या लिपींच्या सामायिक सांकेतिक पद्धतीवर होती, त्यामुळे तत्त्वतः मराठी शक्य, पण नेहमीच्या पॉकेट पीसीत ना फॉन्ट ना अक्षरं जुळवणारा भाग. नुसता फॉन्ट टाकला तर काय व्हायचं याला आपल्या गावाचं नावच पुरे: 'नाशिक'मध्ये पहिली वेलांटी साठवताना श च्या नंतर येते आणि दाखवताना आधी, ही अदलाबदल करणारं कुणी नसलं की वेलांटी क च्या डोक्यावर जाऊन बसते आणि वाचावं लागतं 'नाशकि'. जोडाक्षरं तर सुटीच. म्हणून सगळे रोमनमध्ये टाइप करायचे, 'Kaka' लिहायला एक मिनिट आणि 'काका' लिहायला सोयच नाही. भारतीय भाषांचा विचार मुळातून केला तो बंगळुरूच्या सिम्प्युटरने, लिनक्सवर चालणारा, स्मार्टकार्ड घालून अनेकांनी मिळून वापरायचा. अमिडा नावाने भारत इलेक्ट्रॉनिक्सतर्फे तो २००४ मध्ये बाजारात आला, तोवर मोबाइल फोन स्वस्त झाले होते.

नाशिकमधला वापर

डिजिटल डायरी सर्वांत जास्त दिसली, ती पण १९९० च्या दशकात, व्यापारी आणि बागायतदारांच्या शर्टाच्या खिशात. पाम आणि आयपॅक लोक बहुतेक परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवायचे, नाहीतर पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून आणायचे. डिजिटल डायरीत ऑपरेटिंग सिस्टिम अशी वेगळी सांगण्यासारखी नसते, पीसीची प्रतही बहुतेकांकडे नसायची, दोन बटण-सेल हेच सगळं. माझ्या काकांच्या कॅसिओत मागे स्पष्ट लिहिलं होतं की सेल एकेक करून बदला. मी तेव्हा आठवीत, रविवार कारंजावरच्या घड्याळजीकडून दोन सीआर २०३२ आणले आणि हुशारीने दोन्ही जुने एकदम काढून ठेवले. पिंपळगाव-लासलगावकडचे दीडएकशे नंबर गेले. काका काही बोलले नाहीत, जुन्या पावत्या आणि लग्नपत्रिका काढून तीन संध्याकाळी नंबर परत भरत बसले, आणि या वेळी आधी कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिले.

२००७ नंतर स्मार्टफोनने ही यंत्रं संपवली. सीईवाली यंत्रं गोडाऊनमधल्या बारकोड स्कॅनरच्या रूपात मात्र बरीच वर्षं टिकली. पाम कंपनी एचपीने २०१० मध्ये १.२ अब्ज डॉलरला घेतली, आणि पामने शेवटी केलेली वेबओएस एलजीकडे जाऊन टीव्हीत बसली. जुना पायलट कुणाच्या ड्रॉवरमध्ये असेल तर दोन बारीक सेल घातले की तो अजूनही चालू होतो, पडद्यावर फुलीची खूण दाखवून काडी टेकवायला सांगतो, मग देश आणि वेळ विचारतो, आणि ॲड्रेस बुक रिकामं असतं.