विट्याची गलाई, गिरणगावचा संप आणि येरळेवरचं धरण

सांगली-साताऱ्यातले खानापूर, आटपाडी, माण, खटाव हे तालुके म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. हवामानबदलाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या घरांनी एक तोड काढली होती: निम्मं घर शेतावर, निम्मं परमुलखात.

एक वाट गलाईची. सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या या धंद्यात विटा परिसरातली माणसं आधीपासून होती. १९७२च्या दुष्काळानंतर ही वाट रुंदावली. केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत सराफी पेठांमागच्या गल्ल्यांत यांच्या भट्ट्या लागल्या. गावातल्या पोराला आधी पाहुण्याच्या दुकानात कामाला ठेवायचं, हात बसला की त्यानं स्वतःचं दुकान टाकायचं. तेजाबाच्या धुरात कमावलेला हा पैसा पावसावर अवलंबून नव्हता, हे त्याचं खरं मोल. त्यातून गावाकडची विहीर खोल गेली, पाइपलाइन आली, पोरं शिकली. पण विहीर ज्याची त्याची. ज्या घरातलं कोणी बाहेर नाही, त्याच्याकडे शेजाऱ्याच्या बोअरशी स्पर्धा करायला भांडवल कुठलं? बाहेरच्या पैशानं भूजल उपसायची ताकद वाढली, भूजल नाही. हे सहसा बोललं जात नाही.

दुसरी वाट मुंबईच्या गिरण्यांची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, लांबला आणि कामगार गावी परतले. गावी दुष्काळ होताच. ही मंडळी हात हलवत आली खरी, पण मोर्चा काढणं, वर्गणी जमवणं, साहेबाला जाब विचारणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. रोजगार हमीवर नुसती खडी फोडण्याऐवजी पाणी अडवायचं काम द्या, अशी मागणी पुढे आली. त्यातूनच भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. ठेकेदार येरळा नदीची वाळू उपसून नेत होते आणि काठच्या विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी त्याच वाळूपैकी थोडी स्वतः विकून धरणासाठी पैसा उभा केला. सरकारी विरोधाशी झगडत त्या दशकाच्या अखेरीस बळीराजा धरण झालं. पाण्यात भूमिहीनांनाही वाटा ठेवला. माझ्या मते स्थलांतरानं या भागाला दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट हीच, आणि ती मनिऑर्डरच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

पुढे १९९६मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ आलं. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी उचलून या तालुक्यांत आणायचं ठरलं; ते पोचायला मात्र वर्षानुवर्षं लागली. दरम्यान पाणी फाउंडेशनच्या २०१८च्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावोगावच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं. त्या उन्हाळ्यांत मुंबई-पुण्याची माणसं सुट्टी काढून श्रमदानाला गावी येत. खोदाईच्या यंत्रांना डिझेल लागायचं, त्याची वर्गणीही बरीचशी त्यांच्याकडूनच यायची.