स्पायना बायफिडा : जनुकीय जोखीम घटक

स्पायना बायफिडा हा पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष आहे. गर्भधारणेनंतर साधारणपणे २८ दिवसांच्या आत भ्रूणाच्या पाठीवरील पेशींची पट्टी वळून तिची नलिका बनते आणि पुढे याच चेतानलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू घडतात. ही नलिका खालच्या भागात मिटायची राहिली, तर त्या जागचे मणकेही पूर्ण बनत नाहीत. मायलोमेनिंगोसील या गंभीर प्रकारात मज्जारज्जू आपल्या आवरणांसह पाठीवर, बहुधा कमरेच्या खाली, उघडा पडतो. त्यामुळे पायांतील बळ आणि मलमूत्रावरील ताबा यांवर कायमचा परिणाम होतो.

एक बाधित मूल झालेल्या दांपत्याला पुढील खेपेस हा धोका २ ते ५ टक्के असतो. सर्वसाधारण धोक्याच्या तो कितीतरी पट असल्यामुळे आनुवंशिकतेचा वाटा निर्विवाद ठरतो. तरीही बहुतेक रुग्णांत कोणतेही एक जनुक दोषी नसते. अनेक जनुकांतील लहान लहान फरक, आईचे पोषण, तिचा मधुमेह किंवा लठ्ठपणा आणि व्हॅल्प्रोएटसारखे फेफऱ्याचे औषध यांचा परिणाम एकत्र येऊन ठरावीक मर्यादा ओलांडली गेली, तरच दोष उद्भवतो. म्हणूनच त्याचे खापर आईवर किंवा कोणा एकाच्या घराण्यावर फोडणे अशास्त्रीय तर आहेच, शिवाय अन्यायाचेही आहे.

सर्वाधिक अभ्यास एमटीएचएफआर जनुकाचा झाला आहे. त्यातील ६७७ व्या स्थानी सायटोसिन या डीएनएच्या घटकाऐवजी थायमिन आले, की तयार होणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) अ‍ॅलॅनिनच्या जागी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल बसते. असे विकर उष्णतेने लवकर निकामी होते. आई व वडील यांच्याकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती अशा असल्यास त्याची क्रियाशीलता नेहमीच्या सुमारे ३० टक्क्यांवर येते, फोलेट या ब गटातील जीवनसत्त्वाचे उपयुक्त रूपांतर मंदावते आणि रक्तातील होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढते. या बदलाचा स्पायना बायफिडाशी असलेला संबंध १९९५ मध्ये प्रथम दाखवण्यात आला. भारतीयांत हा बदल तुलनेने कमी आढळतो. येथे ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता अधिक महत्त्वाची असावी, असे मानण्यास आधार आहे. पुण्यातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात, ब१२ पेशींपर्यंत वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या टीसीएन२ या जनुकातील एका बदलाचा चेतानलिकेच्या दोषांशी संबंध आढळला होता.

दुसरा गट पेशींना दिशा देणाऱ्या जनुकांचा आहे. नलिका मिटण्यासाठी पेशींना मध्यरेषेकडे सरकावे लागते आणि त्यासाठी व्हीएएनजीएल१, व्हीएएनजीएल२ व सीईएलएसआर१ ही जनुके लागतात. उंदरांमध्ये व्हीएएनजीएल२ची एक प्रत बिघडली तर शेपटी वेटोळी होते, तर दोन्ही बिघडल्यास जवळजवळ संपूर्ण नलिका उघडी राहते. माणसांत व्हीएएनजीएल१मधील उत्परिवर्तने २००७ मध्ये आढळली. काही अर्भकांत १३ किंवा १८ क्रमांकाचे गुणसूत्र जादा असणे अथवा २२ व्या गुणसूत्राचा तुकडा गळणे हे कारण असते. अशा अर्भकांत सहसा इतर अवयवांचे दोषही दिसतात.

जनुकीय जोखीम असली तरी प्रतिबंध शक्य असतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधी बाधित मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल (फोलेटचेच कृत्रिम रूप) दिल्यावर पुनरावृत्तीचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. नलिका मिटण्याचा काळ बहुधा गर्भ राहिल्याची खात्री होण्याआधीच सरत असल्याने गोळी त्यापूर्वी सुरू व्हावी लागते. एमटीएचएफआरची तपासणी मात्र सरसकट सुचवली जात नाही, कारण तिचा निष्कर्ष काहीही आला तरी फॉलिक आम्ल घ्यावेच लागते.