कलर डॉज की ॲड: बाहुलीला मोतीबिंदू कशाने होतो

"सर, चमकच येणा नाय." असा निरोप आला की फाईल उघडायच्या आधीच मला कळतं आत काय असणार. ॲनिमे मुलीचा चेहरा, सफाईदार रेषा, एकेक बट मन लावून काढलेली, आणि डोळ्यांत राखाडी धुकं. निळ्या बुबुळावर नारिंगी उजेडाचा लेयर टाकलेला असतो आणि त्याचा मोड, म्हणजे वरचा रंग खालच्यात कसा मिसळायचा तो नियम, असतो ॲड. मोड विचारला की उत्तर ठरलेलं: "सर, मी डॉजच लावलेलंय."

मालवणात बसून पोरांना टॅबलेटवर आणि बहुतेक वेळा साध्या मोबाईलवरच रंगवायला शिकवताना हा एकच घोटाळा मी इतक्यांदा निस्तरला आहे की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो. लेयर म्हणजे काय, क्लिपिंग कसं करतात, मल्टिप्लायने सावली कशी पडते, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

घोटाळ्याचं मूळ नावात आहे. फोटोशॉपमध्ये दोन डॉज आहेत. एक कलर डॉज, दुसरा लिनिअर डॉज. दुसऱ्याच्या पुढे कंसात ॲड असं लिहिलेलं असतं, पण तिथवर कोणी वाचत नाही. लिनिअर डॉज म्हणजे ॲडच. क्लिप स्टुडिओ, प्रोक्रिएट, आयबिस पेंट या रंगवायच्या ॲपांत त्याला सरळ ॲड म्हणतात. म्हणजे आडनाव एक, घरं दोन. शिकवणीच्या व्हिडिओतला माणूस घाईत नुसतं "डॉज" म्हणून पुढे जातो आणि बघणारा यादीत जो आधी सापडेल तो लावतो.

आता दोघं करतात काय ते बघू. ॲड बेरीज करतो. खालच्या रंगाचे लाल, हिरवा, निळा हे शून्य ते २५५ मधले तीन आकडे घेतो, वरच्या लेयरचे तीन आकडे त्यात मिळवतो, २५५ च्या वर गेलं तर तिथेच छाटतो. बस. कलर डॉज भागाकार करतो. वरचा रंग जितका उजळ तितका भाजक लहान, आणि खालचा आकडा तितक्या पटीने मोठा. "मिळवणं" आणि "पटीत वाढवणं" यातच सगळी गोम आहे, म्हणून इथे जरा थांबा.

बुबुळाचा गडद निळा घ्या: ३०, ६०, १२०. त्यावर मंद नारिंगी ब्रश फिरवा: ९०, ६०, २०. ॲडमध्ये उत्तर येतं १२०, १२०, १४०. तिन्ही आकडे जवळपास सारखे, म्हणजे हा राखाडी झाला. निळा गेला, नारिंगीही आला नाही, हातात उरली राख. तोच ब्रश, तोच रंग, फक्त मोड कलर डॉज करा: साधारण ४६, ७८, १३०. हा निळाच आहे, थोडा उजळ, थोडा उबदार. तसाच आणखी एक लेयर चढवा, तो आणखी पेटेल, पण आपला निळेपणा एवढ्यात सोडणार नाही.

बाहुलीवर फरक आणखी उघडा पडतो. बाहुली, म्हणजे बुबुळाच्या मधला गोल, जवळपास काळी असते, समजा १०, १०, १२. त्यावर मधला राखाडी, १२८ चा, ॲडमध्ये टाकला तर ती होते १३८, १३८, १४०. कलर डॉजमध्ये २०, २०, २४. म्हणजे एकात बाहुलीवर साय धरली, दुसऱ्यात बाहुली काळीच राहिली. शून्याला कितीही पटीने वाढवा, शून्यच. पूर्ण काळ्यावर कलर डॉज काही करू शकत नाही, आणि डोळ्याच्या बाबतीत हा त्याचा दोष नसून सगळ्यात मोठा गुण आहे.

मासळी बाजारात बांगडा घ्यायला पहिल्यांदा गेलो तेव्हा आईने एकच गोष्ट शिकवली: "आधी डोळो बघ, मगे दर इचार." ताज्या बांगड्याचा डोळा फुगीर, पारदर्शक, बाहुली काळीशार. शिळ्याचा डोळा आत गेलेला आणि त्यावर पांढुरकी झाक. बाहुलीवर ॲड फिरवलेली मुलगी मला नेमकी तशी दिसते. दहा तास खपून काढलेली आणि बर्फावर दोन दिवस राहिलेली.

कलर डॉज डोळ्यासमोर आणायचा असेल तर कोकमाच्या आगळाची काचेची बाटली घ्या. सावलीत ती जवळपास काळी दिसते. उन्हात धरली की आतून लालभडक पेटते. उन्हाने लाल रंग आणलेला नाही, तो आगळातच होता, उन्हाने फक्त त्याला वाढवलं. बाटलीचं काळं बूच त्याच उन्हात काळंच राहतं. ॲड म्हणजे याच्या उलट. अंधाऱ्या रात्री किनाऱ्यावर कधीकधी लाट फुटताना निळसर उजेड चमकतो, पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचा. पाणी तेव्हा पूर्ण काळं असतं, त्याच्याकडे वाढवण्यासारखा रंगच नसतो. उजेड स्वतःचा रंग घेऊन येतो आणि काळ्यावर बसतो. हे चित्र कलर डॉजने काढायला जाल तर रात्रभर घासत बसाल.

दोन्ही गोष्टींचं मूळ फिल्मच्या जमान्यात आहे आणि ते माहीत असलं की गोंधळ होत नाही. डॉज हा डार्करूममधला शब्द. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना जो भाग फार काळा पडेल त्याच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा किंवा हात हलवत थोडा वेळ उजेड अडवायचा, म्हणजे तिथला तपशील मोकळा होतो. निगेटिव्हमध्ये जे आहे तेच निघणार, नवीन काही येणार नाही. ॲडचा पूर्वज जपानी ॲनिमेशन स्टुडिओंतला. सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, रंगवायच्या काळात दिवे, ठिणग्या, लखलखाट यांसाठी 'तोकाको' म्हणजे आरपार जाणारा उजेड वापरत. काळ्या मास्कमध्ये हव्या त्या आकाराचं भोक ठेवायचं, खालून दिवा सोडायचा आणि त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा एक्स्पोजर द्यायचं. आधी पडलेल्या उजेडात नव्या उजेडाची भर. शुद्ध बेरीज.

मग डोळ्यात कुठे काय? ॲनिमे डोळ्याचं बुबुळ वर गडद आणि खाली उजळ का रंगवतात, याला कारण आहे. वर पापणीची सावली पडते. आणि वरून आलेला उजेड डोळ्याच्या फुगीर काचेतून वाकून समोरच्या बाजूला, म्हणजे खालच्या कडेला, गोळा होतो. तो खालचा चंद्रकोरीसारखा उजेड बुबुळातून येतो, बुबुळाचाच रंग घेऊन येतो. म्हणून तिथे कलर डॉज. माझ्या लेखी यावर चर्चा नाही. ॲडची जागा त्यानंतर: त्या चंद्रकोरीच्या आत एकदोन ठिणग्या, कडेला बाहेरून आलेल्या परक्या रंगाची झिलई, खिडकीचा निळा किंवा मावळतीचा गुलाबी. जो उजेड डोळ्याचा नाही, पाहुणा आहे, तो ॲडने. आणि तो बाहुलीवरून नेऊ नका.

कलर डॉज लावूनही काही होत नाही, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा खालचा रंग दोषी असतो. रंगपेटीच्या पार कोपऱ्यातला झणझणीत निळा उचलायची पोरांना फार हौस. त्याचे आकडे ०, ०, २५५. लाल शून्य, हिरवा शून्य, निळा आधीच भरलेला. वाढायला जागाच नाही, डॉज बिचारा काय करणार? बुबुळाचा मूळ रंग गडद आणि थोडा मळका ठेवा, तिन्ही आकडे जिवंत असू द्या. कोपऱ्यातले रंग मला एरवीही आवडत नाहीत, पण ते वेगळं भांडण.

उलटी तक्रार, म्हणजे सगळं जळून पांढरं झालं, ही ब्रशच्या रंगाची चूक. डॉज लेयरवर भडक पिवळा घेऊन उतरू नका. २५५, २५५, ० हा पिवळा लाल आणि हिरवा आकडा एका फटक्यात टोकाला नेतो, अगदी काळा सोडून कुठेही. गडद तपकिरी, गडद जांभळा असा रंग घ्या, मऊ एअरब्रशने थरावर थर द्या. दोन्ही मोडमध्ये काळा रंग म्हणजे 'काहीच नाही', तेव्हा ब्रश जितका गडद तितका परिणाम सौम्य. ओपॅसिटी, म्हणजे लेयरचा दाटपणा, खालीवर करण्यापेक्षा हा लगाम हातात चांगला राहतो. फोटोशॉपवाल्यांनी ओपॅसिटीऐवजी तिच्या शेजारचं फिल कमी करून बघावं. कलर डॉज आणि लिनिअर डॉज या दोन्हींत फिल वेगळं वागतं, आणि बरं वागतं.

क्लिप स्टुडिओत याच जोडीची आणखी दोन भावंडं आहेत: ग्लो डॉज आणि ॲड ग्लो. फरक एवढाच की ब्रशच्या अर्धपारदर्शक कडांवर ती जास्त जोर करतात. ज्यांना वर सांगितलेला फरक कळला त्यांना ती आपोआप कळतील. ज्यांना नाही कळला त्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

स्क्रीन मोड? ॲडचा सभ्य भाऊ. कधी जळत नाही, पण पांढुरकं करण्यात ॲडच्याच वळणाचा. डोळ्याभोवतीच्या हवेत हलकी धूसर चमक हवी असेल तर ठीक. ओव्हरले मोडने उजेड अधिक उजळ, गडद अधिक गडद होतं. रंग जरा तरतरीत करायला शेवटी चालेल. बाकी तो डोळ्यात ओतणाऱ्यांशी माझं पटत नाही.

एक फालतू वाटणारी पण अर्धा दिवस खाणारी गोष्ट: डोळ्याचे सगळे लेयर फोल्डरमध्ये टाकले आणि चमक अचानक बदलली, तर फोल्डरचा मोड बघा. तो नॉर्मल असेल तर आतले मोड फोल्डरच्या आतल्या आतच हिशेब करतात, खालच्या चित्रापर्यंत पोचत नाहीत. क्लिप स्टुडिओत तो थ्रू करा, फोटोशॉपमध्ये पास थ्रू. आणि डॉजचा लेयर बुबुळाला क्लिप केलेला हवा, नाहीतर डोळ्याचा पांढरा भाग पहिल्याच स्पर्शात करपतो. मुळातच तो जवळपास २५५ वर असतो.

राहिला शेवटचा पांढरा ठिपका. आमच्याकडे गणपतीच्या शाळेत चतुर्थीच्या आधीच्या रात्री डोळ्यांची आखणी चालते तेव्हा मी लहानपणापासून जाऊन बसायचो. बारीक ब्रश, साधा पांढरा रंग, एक टिंब, आणि मूर्ती बघायला लागते. ॲनिमेच्या डोळ्यातही तेच. रेषांच्या लेयरच्या वर वेगळा लेयर, मोड नॉर्मल, कडक ब्रश, शुद्ध पांढरा. पण नाही, लोक त्यालाही ॲड लावतात, "जास्त चमकतो" म्हणून. पांढऱ्यात काहीही मिळवलं तरी पांढरंच. साध्या ॲडमध्ये शुद्ध पांढरा कुठल्याही ओपॅसिटीला नॉर्मलइतकाच दिसतो, आकडे मांडून बघा. अशी फाईल आली की मी तो लेयर गुपचूप नॉर्मल करतो आणि परत पाठवतो. "आता कसा दिसता?" म्हणून विचारलं तर "सर, पयल्यासारखोच" असंच उत्तर येतं.