काळ्या मातीवर पाच टन पाणी

परभणीकडच्या आमच्या शेतात ठिबकसाठी ५,००० लिटरची प्लास्टिकची टाकी बसवली, तेव्हा ओट्याचा फारसा विचार कुणी केला नव्हता. मे महिना होता, जमीन दगडासारखी कडक. वरचं ढेकूळ-माती खरवडून विटांचा एक थर दिला, त्यावर तीन इंच काँक्रीट ओतलं. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध आला आणि सगळे निर्धास्त झाले. श्रावणात बघतो तर टाकी विहिरीच्या अंगाला कललेली, पाईपचा जोड तडकलेला आणि ओट्याला करंगळी जाईल एवढी भेग. ती भेग बघितल्यापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

आधी वजनाचा हिशेब करू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून भरलेली टाकी पाच टनांची. पण जमिनीवर दाब किती पडतो, हे पाण्याच्या उंचीवर ठरतं. एक मीटर उंच पाणी चौरस मीटरला एक टन दाब देतं. आमच्या टाकीत पाणी दोन मीटर चढतं, म्हणून दाब दोन टन. आता उभ्या माणसाचं बघा. वजन ७० किलो, दोन्ही पावलांचं क्षेत्र मिळून साधारण ४०० चौरस सेंटीमीटर. हा दाब चौरस मीटरला पावणेदोन टन भरतो, म्हणजे टाकीच्या जवळपास बरोबरीचा! मग त्याच जमिनीवर माणूस खुशाल उभा राहतो आणि टाकी का खचते?

याचं उत्तर खोलीत आहे. वरून दिलेला दाब जमिनीत खाली जाताना कसा पसरत आणि विरत जातो, याचं गणित जोसेफ बुसिनेस्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ साली मांडलं. ओझं जितकं रुंद, तितका त्याचा दाब खोल पोचतो. पाऊल अरुंद असतं, त्यामुळे त्याचा दाब हातभर खाली जाईपर्यंत जवळजवळ संपतो. टाकीचा व्यास १.८ मीटर. सहा फूट खालीसुद्धा वरच्या दाबाचा २८ टक्के भाग शिल्लक असतो, बारा फुटांवर ९ टक्के. पाय रोवून, टाच आपटून ‘जमीन पक्की आहे’ म्हणणारा माणूस फक्त वरच्या हातभर मातीची परीक्षा घेत असतो.

सगळा ओटा सारखा खचला तर फार बिघडत नाही. एक बाजू जास्त खचली की घात होतो, कारण कललेल्या टाकीत खालच्या बाजूला पाणी जास्त साचतं, त्या बाजूच्या मातीवर भार वाढतो आणि ती आणखी दबते. पिसाचा मनोरा ११७३ साली बांधायला घेतला आणि मऊ मातीवर असाच कलत गेला. तो सावरताना अभियंत्यांनी कललेली बाजू उचलली नाही. १९९९ ते २००१ या काळात त्यांनी उलट बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती काढून घेतली आणि मनोरा सुमारे अर्धा अंश मागे आला. मला हा उपाय फार आवडतो, कारण सगळं काम मातीकडूनच करून घेतलं.

आपल्याकडची काळी माती मात्र नुसती दबत नाही, ती फुगतेही. दख्खनचा बेसाल्ट झिजून ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी, अतिशय पातळ पापुद्र्यांची. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतं. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की पापुद्रे जवळ येतात आणि रानात पाय अडकेल अशा भेगा पडतात. कोरडी काळी माती कोंडून ठेवून भिजवली, तर ती चौरस मीटरला दहा टनांहूनही जास्त जोराने वर ढकलू शकते. आमच्या टाकीचा भार दोन टन. म्हणजे टाकी खचली असं आम्ही म्हणत होतो, पण एका अंगाला ती उचललीही गेली असणार. मेमधली कडक जमीन ही जमिनीची सर्वांत फसवी अवस्था असते.

यावरचा उपाय मुंबईच्या आयआयटीत सापडला. १९७०च्या दशकात प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर सविस्तर प्रयोग केले. फुगण्याचा उपद्रव मुख्यतः वरच्या मीटर-दीड मीटरच्या थरात असतो, आणि त्यावर न फुगणाऱ्या पण अंगात चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटरचा थर दिला तर खालची माती शांत राहते, असं त्यांनी दाखवलं. पुढे कालव्यांच्या अस्तराखालीही हा थर घालू लागले. ‘चिकटपणा असलेली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुष्कळ लोक खड्डा खणून नुसती वाळू भरतात. वाळूत पाणी मुरतं, खड्ड्याचं तळं होतं आणि खालच्या काळ्या मातीला ते पाणी महिनोन्‌महिने मिळत राहतं. बांधून येणारा, किंचित चिकट मुरूमच हवा.

दुसऱ्या वेळी आम्ही टाकीच्या चारही बाजूंनी दोन-दोन फूट जास्त जागा धरून तीन फूट काळी माती काढली. मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांत भरला, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमस, म्हणजे माती चोपायचा जड ठोकळा, मारला. पाणी किती घालायचं, ही यातली खरी नजर. रॅल्फ प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने १९३३ साली दाखवलं, की प्रत्येक मातीला पाण्याचं एक नेमकं प्रमाण असतं, तेव्हाच ती सर्वांत घट्ट बसते. कमी पाण्यात कण एकमेकांवर घसरत नाहीत. जास्त झालं तर कणांमधली जागा पाणीच अडवून बसतं आणि धुमस कितीही आपटला तरी माती दबत नाही, नुसती बाजूला सरते. आमच्या गवंडीमामांनी मूठभर मुरूम दाबला. लाडू वळला, पण तळहाताला ओल लागली नाही. कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर तो चार-पाच तुकड्यांत फुटला. ‘आता मारा धुमस,’ म्हणाले.

वर दगडांचं सोलिंग, त्यावर सळईच्या जाळीसह सहा इंच काँक्रीट. पातळी लेव्हल पाईपने घेतली. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर थांबतं, मधे नळी कितीही वाकडीतिकडी पडलेली असो. मात्र नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, म्हणून मामा तिला बोटाने टिचक्या मारत टोकापर्यंत गेले. माप घेताना दोन्ही टोकांवरचा अंगठा काढायचा, नाहीतर पाणी मोकळं होत नाही. काँक्रीटवर रंधा फिरवल्यावर त्यांनी सगळ्या पृष्ठावरून तळहात फिरवला. टाकीच्या बुडाखाली एक खडा राहिला तरी त्या ठिकाणी प्लास्टिकवर सारा ताण एकवटतो. लोखंडी पट्ट्यांच्या स्टँडवर ठेवलेल्या टाकीचं बूड पट्ट्यांमधून फुगतं, तेही याच दुखण्याचं दुसरं रूप. सात दिवस पाणी मारलं, टाकी मात्र २८ दिवसांनंतर आणि तीही टप्प्याटप्प्याने भरली.

माझ्या मते यानंतरचं काम सर्वांत मोलाचं होतं. टाकी भरून वाहणारं पाणी पूर्वी ओट्याच्या कडेलाच, विहिरीच्या अंगाला पडायचं. मातीची एकच बाजू कायम ओली! ते आता पाईपने दहा-बारा फूट लांब नेलंय. ओट्याभोवती बाहेर ढाळ दिलाय. जवळ लावायचं ठरलेलं निलगिरीचं रोप दूर नेलं, कारण मुळं पाणी ओढून मातीची एक बाजू कोरडी करतात.

ओट्याच्या चार कोपऱ्यांत चार खिळे बसवलेत. दरवर्षी मेअखेर आणि गणपतीनंतर, असं दोनदा लेव्हल पाईप लावून आकडे वहीत लिहितो. गेल्या गणपतीनंतर विहिरीकडचा खिळा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर आला होता. मे महिन्यात तो परत जागेवर होता.