दंडमाफी आणि दंडमुक्ती : ग्रंथालयांचे दोन वेगळे निर्णय

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांनी उशिराचा दंड सोडून दिल्याची चर्चा निघाली की आपण सहज ‘दंड माफ केला’ असे म्हणतो, आणि तेवढ्या एका शब्दात दोन निरनिराळे निर्णय मिसळून जातात. आजवर साचलेला दंड एकदा पुसून टाकणे ही दंडमाफी. यापुढे पुस्तकाला उशीर झाला तरी दंड लागणारच नाही, असा नियमच बदलणे ही दंडमुक्ती. शेतीकर्जाच्या चर्चेमुळे माफी आणि मुक्ती या शब्दांतले अंतर आपल्याला नवे नाही. माफीने जुना बोजा उतरतो, पण पुढच्या हंगामात पीक बुडाले की सातबाऱ्यावर तो पुन्हा चढतो. ग्रंथालयाच्या कार्डाचेही तसेच होते, आणि ते न्यूयॉर्कमध्ये फार स्पष्ट दिसते, कारण त्या शहराने चार वर्षांच्या अंतराने हे दोन्ही निर्णय घेतले.

न्यूयॉर्कमध्ये तीन स्वतंत्र सार्वजनिक ग्रंथालय-व्यवस्था आहेत : मॅनहटन, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड यांसाठी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी, आणि ब्रुकलिन व क्वीन्स यांची आपापली. तेथे वर्गणी नसते, अनामतही नसते. शहरातल्या रहिवाशाला कार्ड फुकट मिळते. त्यामुळे आपल्याकडच्या वाचनालयांत अनामतीतून जी वसुली होऊ शकते, ती तेथे शक्य नव्हती आणि धाक होता तो दंडाचाच. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत मोठ्यांच्या पुस्तकाला दिवसाला २५ सेंट आणि मुलांच्या पुस्तकाला १० सेंट असा दर होता, आणि थकबाकी १५ डॉलर झाली की कार्ड बंद पडत असे.

हे आकडे ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून हिशेब करून पाहावा. समजा, एका आईने लहान मुलासाठी दहा चित्रमय पुस्तके नेली आणि आजारपणामुळे, कामाच्या पाळ्या बदलल्यामुळे किंवा नुसत्या विसरण्यामुळे ती पंधरा दिवस उशिरा परत आणली. दहा पुस्तके, रोजचे दहा सेंट, पंधरा दिवस : नेमके १५ डॉलर. म्हणजे जी आई मुलाला एका वेळी एकच पुस्तक देण्याऐवजी दहा पुस्तके देते, तिच्याच मुलाचे कार्ड सर्वांत आधी बंद पडणार. सुखवस्तू घरातली आई देवघेवीच्या टेबलावर पैसे ठेवून पुढची दहा पुस्तके घेऊन जाते, तर हातावर पोट असलेली आई, ‘बघू पुढच्या महिन्यात’, असे म्हणून निघून जाते आणि बहुधा परत येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात हेच पुढे आले : परतीची तारीख चुकवण्याचे प्रमाण सर्व उत्पन्नगटांत जवळपास सारखेच होते, पण दंडामुळे कार्ड बंद पडण्याचे प्रमाण गरीब वस्त्यांत कितीतरी जास्त होते. चूक सर्वांची सारखी आणि शिक्षा मात्र खिशाप्रमाणे, हा अन्याय मला फार गंभीर वाटतो, कारण ज्यांच्या घरात पुस्तके नाहीत त्यांच्यासाठीच तर ही ग्रंथालये उभी राहिली.

न्यूयॉर्कने आधी माफीचा मार्ग घेतला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिन्ही व्यवस्थांनी १७ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा साचलेला दंड एका फटक्यात रद्द केला, आणि सुमारे १,६०,००० मुलांची बंद पडलेली कार्डे पुन्हा सुरू झाली. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई जेपीबी फाउंडेशन या धर्मादाय संस्थेच्या देणगीतून झाली. निर्णय चांगलाच होता, मात्र दर तोच राहिला आणि १५ डॉलरची मर्यादाही तशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ पुन्हा चालू झाले. चार वर्षांनी शहरातील सुमारे ४,००,००० लोकांची कार्डे बंद होती. यात मोठी माणसेही होती आणि त्यांना २०१७ च्या माफीचा लाभ मिळालाच नव्हता, हे खरे. पण न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या ज्या दहा शाखांत सर्वाधिक कार्डे बंद होती, तेथे त्यांतली सुमारे ३० ते ५० टक्के कार्डे मुलांचीच होती, आणि त्या दहाही शाखा गरजू वस्त्यांतल्या होत्या. माफी मिळूनही मुले चार वर्षांत पुन्हा दाराबाहेर गेली होती.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी तिन्ही व्यवस्थांनी उशिराचा दंड कायमचा बंद केला आणि जुनी थकबाकीही पुसली. त्याआधी, २०१९ च्या आर्थिक वर्षात, या दंडातून त्यांना ३२ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली होती. इथेही दोन्ही निर्णयांतला फरक कळतो : माफीचा खर्च एका देणगीने भागतो, तर मुक्तीचा खर्च ग्रंथालयाला दरवर्षी आपल्या अंदाजपत्रकात सोसावा लागतो. म्हणूनच माफी जाहीर करणे सोपे असते आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागते. सॅन फ्रान्सिस्कोने २००१, २००९ आणि २०१७ अशा तीन वेळा माफीची मुदत दिली, आणि शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये दंडच काढून टाकला. २०१७ ची मुदत सहा आठवड्यांची होती. तेवढ्या काळात ज्याच्या कानावर ती गेली आणि ज्याला शाखेपर्यंत येणे जमले, त्यालाच तिचा उपयोग झाला.

दंडमुक्तीबद्दल एक गैरसमज हटकून होतो, की आता पुस्तक परत केले नाही तरी चालते. तसे नाही. उशिराचा दंड आणि पुस्तकाची भरपाई या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे परतीची तारीख उलटून सुमारे एक महिना गेला की पुस्तक हरवले असे धरले जाते आणि त्याची किंमत वाचकाच्या खात्यावर पडते. पुस्तक परत आले की ती रक्कम निघून जाते. दंड मात्र पुस्तक परत केल्यावरही राहत असे, आणि म्हणून दंड वाढलेला माणूस पुस्तक घरीच ठेवून ग्रंथालयाकडे फिरकतच नसे. भरपाई पुस्तक मागते, दंड पैसे मागत होता.

दंड काढल्यावर पुस्तके परत येतात, याचा दाखला म्हणून शिकागोचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे ऑक्टोबर २०१९ मध्ये दंड बंद झाला आणि पुढच्या तीन आठवड्यांत पुस्तके परत येण्याचे प्रमाण २४० टक्क्यांनी वाढल्याचे सांगण्यात आले. हा आकडा जपून वापरावा, असे माझे मत आहे. दंडमुक्ती करताना जुनी थकबाकीही पुसली जाते, म्हणजे प्रत्येक मुक्तीच्या पोटात एक माफी असतेच, आणि पहिल्या काही आठवड्यांची ती गर्दी बहुतांशी या माफीचे फळ असते. वर्षानुवर्षे कपाटात दडलेले पुस्तक एकदाच परत येते. मुक्तीचा खरा परिणाम नंतर दिसतो, आणि तो मोजायचा तर किती पुस्तके आली यापेक्षा किती कार्डे चालू राहिली, हे पाहावे लागते.

ती दहा पुस्तके नेणारी आई आता पंधरा दिवस उशिरा आली, तर ती पुस्तके टेबलावर ठेवते, त्यांची नोंद होते, आणि मुलगा तोवर पुढची दहा निवडायला कपाटांकडे गेलेला असतो.