अद्यतन सर्व्हर, केंद्रीय

कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातील सर्व संगणकांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बाहेरून एकदाच उतरवून घेणारा, त्यांपैकी कोणत्या द्यायच्या याची मंजुरी नोंदवणारा आणि मंजूर झालेल्या तेवढ्याच दुरुस्त्या जाळ्यात वाटणारा संगणक. रोजच्या बोलण्यात त्याला ‘अपडेट सर्व्हर’ म्हणतात. व्याख्येतील तीन कामांपैकी पहिले आणि तिसरे सर्वांना ठाऊक असते. मंजुरीचे काम मात्र मागे पडते, आणि कोकणपट्टीतील लहान कार्यालयांत ‘बंद पडला’ म्हणून दाखवला जाणारा अपडेट सर्व्हर पुष्कळदा बंद पडलेला नसून मंजुरीवाचून बसून राहिलेला असतो.

संज्ञा : मराठीत ‘अद्यतन’ आणि ‘अद्ययावतीकरण’ असे दोन पर्याय वापरात आहेत. संस्कृतात ‘अद्यतन’ म्हणजे आजचा, चालू दिवसाचा. पाणिनीच्या ‘अनद्यतने लङ्’ या सूत्रात आज न घडलेल्या भूतकाळासाठी ‘अनद्यतन’ असा शब्द येतो. ‘अद्ययावत्’ म्हणजे आजपर्यंत. म्हणजे ‘अद्यतन’ हे मुळात विशेषण असून संगणकाच्या मराठीत ते नाम म्हणून रुळले आहे, आणि व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने ‘अद्ययावतीकरण’ अधिक निर्दोष ठरते. तथापि हा लांब शब्द पडद्यावरच्या बटणात मावत नाही, हे एक व्यावहारिक कारणच ‘अद्यतन’ रूढ होण्यास पुरेसे झाले असावे. प्रस्तुत नोंदीत तोच शब्द स्वीकारला आहे.

अशा दुरुस्तीला इंग्रजीत म्हणतात त्या ‘पॅच’ या शब्दाच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसृत केलेल्या ‘पॅच’ नावाच्या आज्ञावलीमुळे तो रूढ झाला, असे एक मत. दुसरे मत त्याचा उगम छिद्रे पाडलेल्या कागदी फितींपर्यंत मागे नेते. चुकीचे छिद्र बुजवण्यासाठी त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत, किंवा फितीचा चुकीचा भाग कापून त्या जागी दुरुस्त तुकडा जोडीत. १९४४ मध्ये वापरात आलेल्या हार्वर्ड मार्क १ या यंत्राच्या फितीवर अशी चिकटवलेली ठिगळे दिसतात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण वॉल यांच्या आज्ञावलीला दिलेले नावच तो शब्द आधीपासून प्रचारात असल्याचे दाखवते. या अर्थाने ‘ठिगळ’ हा मराठी शब्द शब्दशः चपखल बसतो. तो रूढ झाला नाही, बहुधा त्याला चिकटलेल्या दारिद्र्याच्या छटेमुळे.

उगम : केंद्रीय अद्यतन सर्व्हरचा आरंभ कोठून धरावा हे त्याच्या व्याख्येवर अवलंबून आहे. एका यंत्रावरच्या फायली अनेक यंत्रांवर सारख्या ठेवणे एवढाच अर्थ घेतला, तर युनिक्सच्या ४.३ बीएसडी (१९८६) या आवृत्तीतील ‘आरडिस्ट’सारख्या साधनांपर्यंत मागे जावे लागते. मंजुरी हे व्यवच्छेदक लक्षण मानले, तर मायक्रोसॉफ्टच्या ‘सॉफ्टवेअर अपडेट सर्व्हिसेस’पासून (२००२) आरंभ धरणे सयुक्तिक ठरते. त्याआधी, विंडोज ९८ बरोबर आलेली ‘विंडोज अपडेट’ ही सोय एकेका संगणकापुरती होती. २००२ च्या या सर्व्हरचा आवाका विंडोजच्या महत्त्वाच्या दुरुस्त्यांपुरता मर्यादित होता. २००५ मध्ये त्याची जागा ‘विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस’ने, म्हणजे ‘डब्ल्यूसस’ने घेतली, तिच्यात ऑफिससारखी इतर उत्पादने आणि संगणकांचे गट आले. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ती सर्व्हरच्या अंगभूत भूमिकांपैकी एक झाली.

या सोयीची निकड २००३ मध्ये उघड झाली. त्या वर्षीच्या जानेवारीत पसरलेल्या ‘स्लॅमर’ या कृमीवरचा (जाळ्यातून आपोआप पसरणाऱ्या घातक आज्ञावलीवरचा) पॅच आदल्या वर्षीच्या जुलैत, आणि ऑगस्टमधल्या ‘ब्लास्टर’वरचा पॅच सुमारे चार आठवडे आधी उपलब्ध होता. दोन्ही वेळा तो संगणकांपर्यंत पोचला नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या एकत्र देण्यास आरंभ केला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सकाळी दहाची ही वेळ भारतात उन्हाळ्यात रात्री साडेदहाची आणि हिवाळ्यात साडेअकराची असते. म्हणून इकडच्या कार्यालयांच्या दृष्टीने हा ‘पॅच मंगळवार’ खरे तर बुधवार सकाळ असतो.

उभारणी : चाळीस संगणकांच्या कार्यालयाला दहा मेगाबिटची जोडणी असेल आणि महिन्याचे अद्यतन एक गिगाबाइटचे धरले, तर एका संगणकाला सुमारे तेरा मिनिटे आणि सर्वांना मिळून जवळजवळ नऊ तास ती जोडणी पूर्णपणे व्यापलेली राहते, म्हणजे कामाचा एक दिवस जातो. सर्व्हर असल्यास बाहेरून तेच गिगाबाइट एकदाच येते आणि आतले वाटप स्विचच्या वेगाने होते.

सर्व्हरच्या दोन बाजू वेगळ्या ठेवाव्या लागतात. दुरुस्त्यांविषयीची माहिती (नाव, वर्ग, कोणाला लागू, कोणती जुनी रद्द) माहितीसंचात राहते, तर प्रत्यक्ष फायली डिस्कवरच्या एका फोल्डरात. माहितीसंचासाठी विंडोजबरोबर मिळणारा अंतर्गत माहितीसंच लहान कार्यालयाला पुरतो. एसक्यूएल सर्व्हर या माहितीसंच-प्रणालीच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीला, एसक्यूएल सर्व्हर २०२२ पर्यंत, दहा गिगाबाइटची मर्यादा असल्याने ती निवडण्यात फायदा नाही. फायलींचा फोल्डर प्रणालीच्या विभागात न ठेवता स्वतंत्र विभागात ठेवावा, कारण तो फुगतच जातो. उत्पादनांची यादी निवडताना जे वापरात आहे तेवढेच निवडावे. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून सर्व चौकटींवर खूण केल्यास पहिले समकालन (दुरुस्त्यांची माहिती बाहेरून सर्व्हरवर आणणे) लांबते आणि पुढे माहितीसंच जड होऊन सर्व्हरचे मुख्य दालनही (व्यवस्थापनाची खिडकी) उघडेनासे होते. ड्रायव्हरांचा वर्ग अनुभवी व्यवस्थापक सहसा वगळतात.

संगणकांना सर्व्हरचा पत्ता गट धोरणातून (सर्व संगणकांना एकाच ठिकाणाहून नियम लावण्याच्या सोयीतून) दिला जातो. कोकणातील लहान कार्यालयांत डोमेन (सर्व संगणकांची एकत्रित नोंदणी व नियंत्रण) नसणे हाच बहुधा नियम असल्याने प्रत्येक संगणकावर स्थानिक धोरण हाताने लिहावे लागते, आणि विंडोजच्या होम आवृत्तीत धोरणाची ही सोयच नसते. लॅपटॉप खरेदी करताना ही गोष्ट क्वचितच कोणी विचारतो. पत्त्याच्या शेवटी पोर्ट क्रमांक (सर्व्हरवरील त्या सेवेच्या प्रवेशद्वाराचा क्रमांक) लिहायचा राहणे ही नेहमीची चूक होय. सर्व्हर २०१२ पासून हा क्रमांक ८५३०, कूटबद्ध जोडणीसाठी ८५३१ आहे. त्याआधी साध्या संकेतस्थळाचाच ८० हा पोर्ट चालत असल्याने जुन्या मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख नसतो.

आणखी एक दोष सविस्तर सांगण्याजोगा आहे. तीस संगणक जोडले, पण सर्व्हरच्या यादीत एकच दिसतो, आणि थोड्या वेळाने पाहावे तर त्याच ओळीत दुसऱ्याच टेबलावरच्या संगणकाचे नाव असते. एका संगणकाची डिस्क तशीच्या तशी इतरांवर उतरवली की ‘ससक्लायंटआयडी’ ही ओळखही सर्वांना एकच मिळते, आणि सर्व्हर त्या सर्वांना एकच समजतो. अद्यतनाची सेवा थांबवून रजिस्ट्रीतील (विंडोजच्या मांडणीच्या नोंदसंग्रहातील) ती नोंद पुसावी आणि सेवा पुन्हा सुरू करावी, म्हणजे संगणक नवी ओळख घेतो. वितरकाकडून एकाच साच्यातून तयार होऊन येणाऱ्या संगणकांत हा प्रकार हमखास आढळतो.

मंजुरी : समकालन पूर्ण झाले म्हणजे दुरुस्त्यांची माहिती आली. मंजुरी दिल्याखेरीज नेहमीच्या मांडणीत फायलीही उतरत नाहीत, मग संगणकांना मिळण्याचा प्रश्नच नाही. सर्व काही आपोआप मंजूर करणारा नियम लावणे हा सोपा मार्ग. परंतु एखाद्या दुरुस्तीमुळे छपाई बंद पडली तर ती एकाच सकाळी सगळ्या टेबलांवर बंद पडते. रूढ पद्धत अशी की तीन-चार संगणकांचा चाचणी गट करावा, त्याला आधी मंजुरी द्यावी आणि काही दिवसांनी उरलेल्यांना. चाचणी गटात संगणक विभागातले संगणक घालण्याचा प्रघात आहे. तो फारसा उपयोगाचा नाही. ज्या टेबलावर हिशेबाचे सॉफ्टवेअर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि ठोकून छापणारा प्रिंटर एकत्र नांदतात, तेच टेबल चाचणीसाठी खरे. याच्या जोडीने रद्द झालेल्या जुन्या दुरुस्त्या नाकारणे आणि माहितीसंचाची सफाई करणे हे कामही मंजुरी देणाऱ्याचेच असते.

कोकणपट्टीतील वापर : समकालन आणि वाटप रात्री करावे, असे सर्वत्र सांगितले जाते. कोकणात वळिवाच्या दिवसांपासून कार्यालय बंद करताना शिपाई मेन स्विच खाली करतो, आणि विजांचा विचार करता त्याचे बरोबरच असते. त्यामुळे रात्री दोनला लावलेले समकालन महिनोन्‌महिने होत नाही. समकालन दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लावणे हा त्यावर निघालेला तोडगा होय. संगणक बंद करताना ‘अपडेट’ चालू असतानाच मेन उतरवला गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो संगणक केलेले बदल मागे घेत बसतो. फायली उतरवणारी ‘बिट्स’ ही सेवा मात्र लाइट किंवा लाइन गेली तरी काम जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू करते. इकडच्या परिस्थितीत हा गुण मोलाचा ठरतो.

खारी हवा आणि दमट पावसाळा यांमुळे धातूचे संपर्कबिंदू गंजतात. सुरू न होणाऱ्या संगणकातील रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड शाळेतल्या खोडरबराने पुसणे हा किनाऱ्यावरच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याचा पहिला उपाय असतो. मदरबोर्डवरचा सेल संपल्यास संगणकाची तारीख मागे जाते, प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि अद्यतने नाकारली जातात. अशा वेळी दोष सर्व्हरमध्ये शोधत बसण्याआधी संगणकाचे घड्याळ पाहावे. सर्व्हर कोणत्या मजल्यावर ठेवावा हा प्रश्नही येथे गौण नाही : २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे सारेच पाण्याखाली गेले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील अनेक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती, आणि त्या महिन्याच्या दुरुस्त्या ९ जूनला निघाल्या.

जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य सर्व्हर आणि तालुक्यांत त्याला जोडलेले दुय्यम सर्व्हर, अशी उतरंड रचता येते. दुय्यम सर्व्हर वरच्याच्या मंजुऱ्या जशाच्या तशा घेतो किंवा स्वतःच्या ठेवतो. जोडणी अगदीच बेभरवशाची असेल तेथे माहितीसंचाची निर्यात आणि फायलींचा फोल्डर बाह्य डिस्कवर घेऊन ती डिस्क एसटीने पाठवणे हाही मान्य मार्ग आहे. मात्र दोन्ही सर्व्हरांवर भाषांची आणि ‘एक्सप्रेस’ फायलींची (फक्त बदललेला भाग संगणकाला देणाऱ्या फायलींची) निवड सारखी असावी लागते. नसल्यास फायली पोचूनही उपयोगी पडत नाहीत.

सुरक्षितता : अद्यतन सर्व्हरवर जाळ्यातील सर्व संगणक विश्वास ठेवतात, म्हणून तो हल्लेखोराच्या दृष्टीने मोक्याची जागा असतो. याचा दाखला कोकणातच मिळतो. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीमुळे रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. या हल्ल्याचा आरंभ युक्रेनमधील एका करहिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्यतन सर्व्हरवरून झाला होता. त्याने पसरण्यासाठी वापरलेल्या उणिवांपैकी एकीवरचा पॅच त्याच वर्षी १४ मार्चला निघाला होता. म्हणजे एकाच घटनेत अद्यतन न करण्याचा आणि अद्यतनाच्या वाटेवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचा, असे दोन्ही धोके दिसतात.

कूटबद्ध नसलेल्या जोडणीवर संगणक आणि डब्ल्यूसस यांच्यामधील संवादात फेरफार करता येतो, हे २०१५ मध्ये दाखवण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूससमध्येच, ओळख न पटवता दूरवरून आज्ञा चालवू देणारी गंभीर उणीव आढळली. १४ तारखेची दुरुस्ती अपुरी ठरल्याने २३ तारखेला वेगळी, तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. ८५३० आणि ८५३१ हे पोर्ट इंटरनेटच्या बाजूने कधीही उघडे ठेवू नयेत. घरून काम करणाऱ्यांच्या सोयीसाठी ते उघडणारी कार्यालये आहेत. त्यांनी ही वाट व्हीपीएनमधून (कूटबद्ध खासगी जोडणीतून) न्यावी.

अन्य प्रणाली : लिनक्समध्ये दुरुस्त्यांच्या भांडाराची पूर्ण प्रत ठेवणे किंवा मागणीनुसार साठवण करणारा ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’सारखा मध्यस्थ बसवणे, असे दोन प्रकार आहेत. दुसरा हलका असून शाळेच्या संगणक कक्षाला पुरतो. त्यात मंजुरीची पायरी नसते. डेबियन आणि उबुंटू यांची भांडारे स्वाक्षरीकृत असतात आणि पडताळणी प्रत्येक संगणक स्वतः करतो.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये डब्ल्यूससमध्ये यापुढे नवीन वैशिष्ट्ये येणार नसल्याचे जाहीर केले. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये ती भूमिका मात्र कायम आहे. विंडोज १० पासून आलेली ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ ही सोय शेजारच्या संगणकांकडून फायलींचे तुकडे घेऊन बाहेरची वाहतूक वाचवते. तिच्यासाठी सर्व्हर लागत नाही. कोणती दुरुस्ती घ्यायची हे ठरवण्याचे काम ती करत नाही.