घड्याळ कुणी फिरवलं?

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग प्रणाली टाकल्या की पहिली कुरबुर बहुतेक वेळा घड्याळाची असते. रात्री लिनक्सवर काम करून मशीन बंद करावं, सकाळी विंडोज चालू करावं, तर कोपऱ्यातली वेळ काही तासांनी चुकलेली. माझ्या बाबतीत हे झालं तेव्हा मी मदरबोर्डवरच्या त्या गोल, बटणाएवढ्या सेलवर संशय घेतला. सेल बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सेल बिचारा निर्दोष होता. मशीन बंद असतानाही वेळ मोजत राहणारी एक चिप मदरबोर्डवर असते. त्या चिपमधला आकडा म्हणजे ग्रीनिचची वेळ, असं लिनक्स धरून चालतं आणि पडद्यावर दाखवताना तुमच्या भागाचा फरक त्यात मिळवतं. विंडोजला डॉस या आपल्या जुन्या पूर्वजाच्या काळापासूनची सवय वेगळी: चिपमध्ये आहे तीच स्थानिक वेळ. त्यामुळे तुम्ही ग्रीनिचच्या पूर्वेला राहत असाल तर विंडोज मागे पडतं, पश्चिमेला असाल तर पुढे पळतं. मग इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली की विंडोज ती आपल्या पद्धतीने चिपमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या खेपेला चुकायची पाळी लिनक्सची येते. दोघांपैकी कुणाही एकाला दुसऱ्याची रीत पाळायला सांगता येतं. मी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगांच्या वहीत, एक नोंद घालून त्याला ग्रीनिचवर आणतो. उलट लिनक्सला स्थानिक वेळेवर आणलं तर, जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे सरकवतात तिथे नवा गोंधळ सुरू होतो.

क्षुल्लक वाटणाऱ्या या भांडणात ड्युअल बूटचं, म्हणजे एका मशीनवर दोन प्रणाली ठेवून दर वेळी एक निवडण्याचं, सगळं मर्म आहे. या दोन प्रणाली एका मशीनवर राहतात खऱ्या, पण त्यांची कधीच गाठ पडत नाही. एक जागी असते तेव्हा दुसरी म्हणजे डिस्कवर पडून असलेल्या निव्वळ फाइली. दोघींमध्ये निरोप पोचतो तो फक्त मागे ठेवलेल्या गोष्टींमधून: घड्याळाची चिप, डिस्क आणि मदरबोर्डवरची थोडीशी कायमस्वरूपी मेमरी. आणि दोघी लिहिल्या गेल्यात त्या हे मशीन आपल्या एकटीचंच आहे, या समजुतीने.

मग आज कुणी उठायचं, हे कोण ठरवतं? जुन्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) मशीनवर ही सत्ता डिस्कच्या पहिल्या सेक्टरकडे, म्हणजे पहिल्या कप्प्याकडे असायची. सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले शेवटचे २ बाइट ही ठरलेली खूण, त्याआधीचे ६४ बाइट विभागणीचा तक्ता, उरले ४४६. तक्त्यातली प्रत्येक नोंद १६ बाइटची, म्हणून मुख्य पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगळे पाडलेले भाग, चारच. ही मांडणी १९८३ साली पीसी-डॉस २.० बरोबर आली, आणि तेव्हा ती पुरेशी होती. ४४६ बाइट म्हणजे किती? देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला सहसा ३ बाइट लागतात, म्हणजे साधारण दीडशे चिन्हं. या लेखाचा पहिला परिच्छेदही त्यात बसणार नाही. एवढ्याशा जागेत मेनू दाखवणारा, डिस्क वाचणारा प्रोग्राम मावणं शक्यच नव्हतं.

म्हणून लिनक्सबरोबर येणारा ग्रब हा बूटलोडर (प्रणालीला उठवणारा प्रोग्राम) तुकड्यातुकड्यांनी जागा होतो. पहिल्या सेक्टरमधल्या तुकड्याला एकच काम येतं: पुढचा तुकडा उचलून आणणं. तो पुढचा तुकडा पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत ठेवलेला असे. ही पट्टी जेमतेम ३१ किलोबाइटची आणि कागदोपत्री कुणाच्याच मालकीची नाही. गंमत म्हणजे विंडोजवरची काही विकतची सॉफ्टवेअरंही आपल्या परवान्याची खूण याच पट्टीत लपवायची आणि ग्रब मोडून ठेवायची. तिसरा भाग, म्हणजे मेनू वगैरे, लिनक्सच्या पार्टिशनमध्ये.

पहिला सेक्टर एकच असल्यामुळे जो शेवटी इन्स्टॉल होईल तो राजा. विंडोज दुसऱ्या कुणाची विचारपूस न करता तिथे स्वतःला लिहून टाकायचं. ग्रब मात्र मुळात परक्यांनाही सुरू करता यावं अशाच बेताने १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी लिहायला घेतला होता, त्यामुळे तो विंडोजला आपल्या यादीत घेतो. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा सल्ला आला तो इथून.

या तुकड्यांचा हिशेब मला एका रात्री नीट कळला. जागा हवी होती म्हणून विंडोजमध्ये बसून लिनक्सचं पार्टिशन उडवलं. विंडोज काहीच बोललं नाही. रीस्टार्ट केलं तर काळा पडदा आणि ‘ग्रब रेस्क्यू’ हे दोन शब्द. सगळं गेलं, असंच वाटलं. प्रत्यक्षात विंडोजच्या केसालाही धक्का लागला नव्हता. ग्रबचे पहिले दोन तुकडे जिवंत होते, तिसरा मी स्वतःच्या हाताने पुसला होता, आणि ते दोघे आपला मेनू शोधत बसले होते. विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कवरून पहिला सेक्टर पुन्हा लिहिला, काम झालं.

बायोसची जागा घेणाऱ्या, २००५ पासून यूईएफआय फोरम या कंपन्यांच्या गटाने पुढे नेलेल्या नव्या पद्धतीत ही एका खुर्चीची मारामारी संपली. डिस्कवर फॅट या साध्या, जुन्या रचनेचं एक लहानसं पार्टिशन राखून ठेवतात आणि त्यात प्रत्येक प्रणाली आपापला फोल्डर करते. कुणाला कोणत्या क्रमाने उठवायचं ती यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते. विभागणीचा तक्ताही बदलला: चारच्या जागी सहसा १२८ नोंदी, शिवाय तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटी. त्यामुळे आज एखाद्या अपडेटनंतर लिनक्स ‘गायब’ झालं, तर ते बहुधा पुसलं गेलेलं नसतं, यादीत खाली ढकललं गेलेलं असतं. फर्मवेअरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या, मेनूत जाऊन क्रम बदलायचा. पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नये.

आता मला सगळ्यात घातक वाटणारी गोष्ट, आणि ती दिसायला अगदी सोज्वळ आहे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पुरतं बंद होणं राहिलं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर उघडी ॲप्स बंद होतात, पण कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, स्थिती एका फाइलमध्ये गोठवून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत मेमरीत भरली जाते. त्या गोठलेल्या स्थितीत डिस्क कशी होती याची आठवणही असते. मधल्या काळात लिनक्सने त्याच पार्टिशनवर चार फाइली लिहिल्या, तर जागं झालेलं विंडोज कालच्या नकाशावरून आजच्या गावात फिरू लागतं आणि फाइलींची नासाडी होऊ शकते. म्हणून लिनक्स असं पार्टिशन बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरतं उघडतं, आणि नवखा माणूस परवानग्या तपासत बसतो. विचित्र भाग असा की ‘रीस्टार्ट’ केलं तर विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं, ‘शट डाउन’ केलं तर होत नाही. दोन प्रणाली ठेवायच्या असतील तर फास्ट स्टार्टअप आधी बंद करावं.

नुसती चव घ्यायची असेल तर इतकं करायचीही गरज नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक प्रणाली दुसरीच्या पोटात चालते, दोघी एकाच वेळी जाग्या असतात, आणि पाहुणीला खऱ्या डिस्कला हात लावू दिला जात नाही. ग्राफिक्स कार्डाची आणि मेमरीची सगळी ताकद एकीलाच हवी असेल तेव्हा ड्युअल बूटचे कष्ट घ्यावेत.

तो घाट घालायचाच ठरला, तर डेटाची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर काढा, आणि पार्टिशनला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर तो पुष्कळदा मालकाच्या नकळत चालू असतो. बूट होताना कोणकोणते प्रोग्राम धावले याची मापं टीपीएम ही सुरक्षेची चिप घेते. साखळीत ग्रब आला किंवा सिक्युअर बूटची (फक्त विश्वासू प्रोग्रामलाच सुरू होऊ देणारी) सेटिंग बदलली की मापं जुळत नाहीत आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ते अंक त्याच मशीनवरच्या फाइलमध्ये साठवून काय उपयोग? कागदावर लिहा, सहा-सहाच्या आठ गटांत, आणि लिहून झाल्यावर एकदा वाचून ताडून बघा.